पाठीला बाक दिसला, आता पुढे काय? बडोद्यातल्या आई-बाबांसाठी

बडोद्यात ही गोष्ट पुष्कळदा नवरात्राच्या तोंडावर कळते. चणियाचोळीचं माप घेताना शिवणारी बाई म्हणते, चणियाचा घेर एका बाजूने वर उचलला जातोय. पाठ उघडी असलेली चोळी घातली की खांद्याचं एक पातं बाहेर आल्यासारखं दिसतं. अकरा-बारा वर्षांच्या मुलीचं दुखतखुपत काहीच नसतं, त्यामुळे तोवर कुणाचं लक्ष गेलेलं नसतं. मग घरात दोन टोकाच्या प्रतिक्रिया येतात. आजी म्हणते, “वाकून बसते, दुसरं काय!” आणि बाबा रात्रभर मोबाइलवर ऑपरेशनचे व्हिडिओ बघत बसतात. दोन्हीचा उपयोग नाही. कणा बाजूला वळून असा बाक येतो, त्याला स्कोलिओसिस म्हणतात. त्यात निर्णय मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: बाक किती अंशांचा आहे आणि मुलीची वाढ किती उरली आहे. दोन्ही नीट मोजून घेणं हेच तुमचं पहिलं काम.

घरी तपासणी

मुलीला अनवाणी, पाय जुळवून, हात सैल सोडून उभं करा. केस वर बांधा आणि पाठ उघडी ठेवा, किंवा मागे खोल गळ्याचा स्विमसूट घालू द्या. मागून बघा: दोन्ही खांदे एका रेषेत आहेत का, एक पातं जास्त उठलंय का, हात आणि कंबर यांच्यामधली फट दोन्हीकडे सारखी आहे का. मग गुडघे न वाकवता, तळहात जोडून, पाठ जमिनीला समांतर होईल इतकं पुढे वाकायला सांगा. एका बाजूच्या बरगड्या किंवा कंबरेचा भाग दुसऱ्यापेक्षा उंच दिसला, तर मणके नुसते बाजूला झुकलेले नाहीत, स्वतःभोवती फिरलेही आहेत. वाईट सवयीने वाकून बसणाऱ्या मुलीत हा उंचवटा दिसत नाही. फरक ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण.

उंचवटा मोजायला डॉक्टर स्कोलिओमीटर वापरतात. घरी फोनवरचं लेव्हल दाखवणारं अॅप चालतं. फोनच्या कडेखाली दोन्ही अंगठे धरून मधे बोटभर जागा ठेवा, कण्याची हाडं त्या फटीत येऊ द्या, आणि वरपासून खालपर्यंत सरकवत सगळ्यात मोठा आकडा टिपा. ५ ते ७ अंश किंवा त्याहून जास्त आला तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचंच. हा आकडा एक्स-रेवरच्या आकड्यापेक्षा वेगळा असतो. दोन्हींची तुलना करून घाबरायचं किंवा निर्धास्त व्हायचं कारण नाही.

काही लक्षणं दिसली तर थांबू नका: रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, पायात अशक्तपणा किंवा मुंग्या, लघवीवरचा ताबा सुटणं, एकाच पावलाचा आकार बदलणं, कण्यावर केसांचा पुंजका किंवा खळगा, अंगावर बरेच कॉफीच्या रंगाचे डाग, वय दहाच्या आत असणं, किंवा छातीच्या भागातला बाक डावीकडे असणं. अशा मुलांचा बहुधा एमआरआय सांगितला जातो, कारण मज्जारज्जूत काही गडबड नाही ना हे बघावं लागतं.

कुठे जायचं

सामान्य ऑर्थोपेडिक डॉक्टर निदान करू शकतात, पण उपचार ठरवताना मुलांच्या कण्याचं काम नियमित करणारा सर्जन हवा. बडोद्यात सयाजी रुग्णालयात, म्हणजे एसएसजीत, हाडांचा विभाग आहे. अहमदाबादला असारव्यात सिव्हिलच्या आवारात सरकारी स्पाइन इन्स्टिट्यूट आहे. दुसरं मत घ्यायला लोक मुंबईलाही जातात. सकाळच्या गाडीने गेलं तर रात्री परतता येतं. शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक तपासणीला येत असेल, तर त्यांनाही पाठ दाखवायला सांगा. १८ वर्षांपर्यंतची मुलं त्यात येतात.

हाडं बसवणारे, तेल चोळून मणका “जागेवर आणणारे” यांच्याकडे नेऊ नका. मालिशने स्नायूंना बरं वाटतं, मणक्याचं फिरणं उलटत नाही. झटका देऊन कणा दाबणं तर धोक्याचंच, विशेषतः एमआरआय व्हायच्या आधी.

एक्स-रे: इथेच सगळ्यात जास्त चुका होतात

छातीचा एक, कंबरेचा एक असे दोन तुकडे काढून आणले तर ते वाया जातात. हवा तो पूर्ण कण्याचा एकच एक्स-रे, मानेच्या मुळापासून कंबरेच्या हाडापर्यंत, उभं राहून काढलेला. सेंटरला फोन करून आधी विचारा: “फुल स्पाइन, स्टँडिंग, जोडून देता का?” नाही म्हणाले तर दुसरं सेंटर शोधा.

काढताना मुलगी अनवाणी, गुडघे सरळ, ब्रेस (बाक रोखायला धडावर घालतात तो कडक साचा) असेल तर काढलेला. समोरून काढण्यापेक्षा किरण पाठीकडून पुढे जातील असा, म्हणजे पीए पद्धतीने काढायला सांगा. वाढत्या वयात छातीवर कमी मारा होतो. बाजूचा एक्स-रे पहिल्यांदा लागतो, पुढच्या प्रत्येक खेपेला बहुधा नाही. कंबरेचं हाड फिल्ममध्ये आलंच पाहिजे, कारण त्यावरून वाढ किती उरली ते वाचता येतं. कागदी प्रत घेऊन गप्प बसू नका, सीडीत किंवा पेन ड्राइव्हवर मूळ फाइल मागा. ती पुढे वर्षानुवर्षं लागते.

बाक मोजतात तो कॉब अँगलने, म्हणजे एक्स-रेवर बाकाच्या वरच्या आणि खालच्या टोकाच्या मणक्यांमधल्या कोनाने. १० अंशांच्या पुढे असेल तरच त्याला स्कोलिओसिस म्हणतात. आता हे नीट लक्षात ठेवा: तोच एक्स-रे दोघांनी मोजला तरी ५ अंशांपर्यंत फरक पडू शकतो. मागच्या वेळी २३ आणि आता २६ आले, तर “तीन अंशांनी वाढलं” असं म्हणता येत नाही. वाढ मानायची ती ५ अंशांच्या पुढे, आणि तीही दोन्ही वेळा वरचे-खालचे तेच मणके धरून मोजलं असेल तर. रिपोर्टवर कुठल्या मणक्यापासून कुठल्या मणक्यापर्यंत मोजलं ते लिहून घ्या.

वाढ किती उरली

मुलींची उंची सगळ्यात झपाट्याने वाढते ती साधारण पाळी सुरू व्हायच्या सहा महिने ते वर्षभर आधी. त्या काळात बाकही पळतो. डॉक्टर कंबरेच्या हाडावरची रिसर पायरी बघतात, ० ते ५. शून्य म्हणजे बरीच वाढ बाकी, ५ म्हणजे संपली. काही ठिकाणी हाताचा एक्स-रे काढून बोटांच्या हाडांवरून अंदाज घेतात, तो जास्त बारीक असतो. तुमच्याकडून हवं ते एवढंच: पाळी कधी सुरू झाली ती तारीख, आणि दर महिन्याला भिंतीला टेकवून मोजलेली उंची. नेहमी सकाळीच मोजा, संध्याकाळी माणूस थोडा बुटका भरतो.

उरलेल्या वाढीला एवढं महत्त्व का, ते दोन मुलींवरून बघा. दोघींचा बाक २४ अंश. एक ११ वर्षांची, पाळी नाही, रिसर ०. दुसरी १५ची, पाळी येऊन अडीच वर्षं झालेली, रिसर ४. बाक वाढण्याची शक्यता पहिलीत साधारण दोन तृतीयांश धरतात, दुसरीत साधारण चौथा हिस्सा. पहिलीला ब्रेसची चर्चा लगेच सुरू होते, दुसरीला सहा महिन्यांनी बोलावतात. म्हणून शेजारच्या मुलीला काय सांगितलं, हे तुमच्या कामाचं नाही.

ढोबळ पायऱ्या अशा. २५ अंशांच्या आत: बहुधा नजर ठेवायची, वाढीच्या काळात दर ४ ते ६ महिन्यांनी तपासणी. २५ ते ४०-४५ आणि वाढ बाकी: ब्रेस. ४५-५०च्या पुढे: शस्त्रक्रियेची चर्चा. वाढ संपताना ३०च्या आत राहिलेला बाक पुढे सहसा त्रास देत नाही. छातीच्या भागात ५०च्या वर गेलेला मात्र मोठेपणीही वर्षाला सुमारे एक अंशाने सरकत राहू शकतो. ५० ही रेघ त्यासाठीच आहे.

हे सगळं किशोरवयातल्या, कारण न सापडणाऱ्या स्कोलिओसिसबद्दल. बहुतेक मुलं याच गटातली असतात. जन्मतःच मणका अर्धवट घडलेला असेल तर वाट वेगळी: मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि हृदयाचा इको करून घ्यावा लागतो, आणि ब्रेसचा बहुधा उपयोग होत नाही. दोन-तीन वर्षांच्या बाळांना काही वेळा एकामागून एक प्लास्टर घालून कणा वळवत नेतात. स्नायूंच्या किंवा मेंदूच्या आजारातून आलेला बाकही निराळा. त्या मुलांचे डॉक्टर आधी तो आजार बघतात.

ब्रेस: ठरवण्यापासून अंगवळणी पडेपर्यंत

आधी अपेक्षा जमिनीवर आणा. ब्रेस बाक पुसून टाकत नाही, वाढ संपेपर्यंत त्याला शस्त्रक्रियेच्या रेघेखाली धरून ठेवायचा प्रयत्न करतो. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिका-कॅनडातल्या मोठ्या चाचणीत ब्रेस घालणाऱ्यांपैकी ७२ टक्के मुलांचा बाक ५० अंशांखाली राहिला, न घालणाऱ्यांत ४८ टक्के. त्यातली मुद्द्याची गोष्ट अशी की ज्यांनी रोज सरासरी १३ तासांच्या आसपास किंवा जास्त ब्रेस घातला, त्यांच्यात यश ९० टक्क्यांवर गेलं. ब्रेस कपाटात ठेवून बाक थांबत नाही. मात्र ज्या ४८ टक्क्यांचा ब्रेसशिवायही थांबला, त्यांच्याकडे बघून “आमचाही थांबेल” म्हणणं हा जुगार आहे, आणि कुठली मुलगी त्यात बसेल हे आधी कळत नाही.

प्रकार अनेक. काखेखालून कंबरेपर्यंत येणारा कडक प्लॅस्टिकचा बॉस्टन, वळणावर जास्त दाब देणारा शेनो, फक्त रात्री घालायचा प्रॉव्हिडन्स. मानेपर्यंत येणारा जुना मिल्वॉकी आता क्वचितच. बाजारात मिळणारे पाठ सरळ ठेवण्याचे इलास्टिक पट्टे यात मोडत नाहीत. ते घेऊन आणखी सहा महिने घालवणं हे आपल्याकडे फारच वेळा घडतं.

ब्रेस बनवणारा तंत्रज्ञ, म्हणजे ऑर्थोटिस्ट, माप घ्यायला प्लास्टरचा साचा काढतो किंवा स्कॅनरने मोजतो. त्याला दोन प्रश्न विचारा. स्कोलिओसिसचे ब्रेस नियमित बनवतो का? आणि ब्रेस घालून एक्स-रे बघितल्यावर आतले दाब देणारे पॅड बदलून देतो का? दुसऱ्याचं उत्तर “गरज नाही” असेल तर दुसरा माणूस शोधा. ब्रेस आल्यावर काही आठवड्यांत तो घालून एक एक्स-रे निघतो. लवचीक बाकात ब्रेसमधला कोन निम्म्याच्या आसपास उतरायला हवा. फारच कमी उतरला तर ब्रेस चुकलाय किंवा बाक कडक आहे, दोन्हीपैकी काय ते सर्जनकडून ऐका. हा एक्स-रे टाळला तर पुढची दोन वर्षं नुसतं प्लॅस्टिक वागवल्यासारखं होईल.

सवय लावताना पहिल्या दिवशी दोन तास, मग रोज दोन-दोन तास वाढवत दहा-बारा दिवसांत सांगितलेल्या तासांपर्यंत जा. झोपेतला ब्रेस सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात अवघड. पट्टे किती घट्ट करायचे तिथे ऑर्थोटिस्टकडून पेनने खूण करून घ्या. सैल पट्टा त्वचेला जास्त घासतो, त्यामुळे “सोड थोडा” ही दया उलटी पडते.

काढल्यावर पॅडखाली लाल दिसणारच. तो रंग अर्ध्या तासात गेला तर ठीक. राहिला, फोड आला किंवा कातडी सोलली तर त्या जागी ब्रेस घालू नका आणि लगेच दुरुस्तीला न्या. आतून क्रीम, तेल, पावडर काहीही नको: त्वचा मऊ पडते आणि पावडरचे गोळे टोचतात. आत शिवण नसलेला घट्ट सुती बनियन, ब्रेसपेक्षा चार बोटं लांब, सुरकुती न पडेल असा ओढून. शिवण असलेलाच मिळाला तर उलटा घाला. असे सहा-सात हवेत, कारण मे महिन्यात दिवसात दोनदा बदलावे लागतात आणि श्रावणात वाळत नाहीत. चड्डी ब्रेसच्या वरून घातली की बाथरूमला जाताना ब्रेस काढावा लागत नाही. ही युक्ती मुलीला पहिल्याच दिवशी सांगा, शाळेत मोठी सोय होते.

ब्रेस रोज साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून सावलीत वाळवा. उन्हात, हेअर ड्रायरपुढे किंवा मे महिन्यात बंद गाडीत ठेवला तर प्लॅस्टिकचा आकार बदलतो, आणि ते डोळ्यांना दिसत नाही.

दिवसाला १८ तास ब्रेस सांगितला असेल तर सुटीचे तास सहा. सकाळी आंघोळीला अर्धा तास, संध्याकाळी खेळायला किंवा पोहायला अडीच तास, जेवणानंतर थोडं सैल, बाकीचे इकडेतिकडे. नवरात्राचे नऊ दिवस आधीच बसून ठरवा: संध्याकाळचा खेळ बंद, ते तास रात्रीच्या गरब्याला. परत आल्यावर पाणी, आंघोळ, अंग कोरडं, नवा बनियन आणि ब्रेस घालूनच झोप. गरबा बंद करू नका. ज्या मुलीचा गरबा काढून घेतला, ती डिसेंबरपर्यंत ब्रेसही काढून टाकते.

पोट दाबल्यामुळे एकदम जेवण जात नाही. थोडं थोडं पाच वेळा द्या आणि वजनावर लक्ष ठेवा. कपड्यांत कुर्ते दोन इंच सैल शिवून घ्या, स्कर्टला इलास्टिक. उंची वाढली की वर्ष-दीड वर्षात ब्रेस बदलावा लागतो, तो खर्च आधीच धरा.

तासांची नोंद मुलीच्याच हातात द्या. भिंतीवर तक्ता लावून पाहुण्यांसमोर विचारपूस करू नका. आत तापमानाचा सेन्सर बसवलेले ब्रेस मिळतात, ते खरे तास सांगतात. ऑर्थोटिस्टकडे असेल तर मुलीला विचारून घ्या, तिच्यावर पाळत म्हणून नको.

सोडायची वेळ येते ती साधारण रिसर ४च्या आसपास, पाळीला दीड-दोन वर्षं उलटलेली, आणि सहा महिन्यांत उंची न वाढलेली. दिवसाचे तास आधी कमी, रात्रीचे शेवटी, आणि त्यानंतर एक एक्स-रे. कंटाळा आला म्हणून परीक्षेच्या आधी आपणच बंद केला, असं होऊ देऊ नका.

व्यायाम, दप्तर, कॅल्शियम

स्कोलिओसिससाठीचे खास व्यायाम असतात. जर्मनीतली श्रॉथ पद्धत त्यातली जुनी. प्रत्येकीच्या वळणानुसार ते वेगळे शिकवावे लागतात, म्हणून यूट्यूबवरून नकोत, त्यात शिकलेला फिजिओ शोधा. ब्रेसबरोबर केले तर ताकद आणि ताठपणा टिकतो. ब्रेसच्या जागी नाही. योगासनं, पोहणं, सायकल, जुम्मादादा व्यायाम मंदिरात जाणं, सगळं चालू राहू द्या. हालचाल थांबवल्याने बाक थांबत नाही.

जड दप्तराने स्कोलिओसिस होत नाही. पाठ दुखते म्हणून ते हलकं हवं, एवढंच; २०२०च्या दप्तर धोरणातही मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे. कॅल्शियमच्या गोळ्यांनीही कणा सरळ होत नाही.

शस्त्रक्रियेची वेळ आली तर

५० अंश ही सहसा धावपळीची घटना नसते. काही आठवडे विचार करायला, दुसरं मत घ्यायला आणि परीक्षा उरकायला मिळतात. दहावी मार्चमध्ये संपते, म्हणून सगळे मेची सुटी मागतात. तारीख दोन-तीन महिने आधी घ्या.

नेहमीची शस्त्रक्रिया म्हणजे पाठीमागून मणक्यांत स्क्रू घालून दोन सळ्यांनी कणा सरळ धरायचा आणि ते मणके एकमेकांना जुळवायचे. सळ्या बहुधा कायम राहतात. रुग्णालयात चार ते सात दिवस, शाळा चार-सहा आठवड्यांनी, धक्काबुक्कीचे खेळ सहा महिने ते वर्षानंतर. जुळवलेला भाग वाकत नाही, म्हणून खाली कुठल्या मणक्यापर्यंत जाणार हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. छातीपुरतं असेल तर मुलीला फारसं जाणवत नाही, कंबरेत जितकं खाली तितकी वाकण्याची मोकळीक कमी. वाढ बाकी असलेल्या काही मुलींत कणा न जुळवता दोरीने ओढून धरण्याची पद्धतही आहे, पण ती मोजक्या ठिकाणी आणि निवडक बाकांसाठीच होते. दोरी तुटून पुन्हा शस्त्रक्रिया लागू शकते हेही विचारा.

सर्जनला विचारायचं: किशोरवयातल्या अशा किती शस्त्रक्रिया वर्षाला करता? भूल असताना मज्जारज्जूचे संदेश मोजणारं न्यूरो-मॉनिटरिंग इथे आहे का, ते चालवणारा तंत्रज्ञ त्या दिवशी असेल का? रक्ताची सोय काय? जंतुसंसर्ग झाला तर? पायांवर परिणाम होण्याची शक्यता एक टक्क्याच्या खाली मानली जाते, पण तुमच्या मुलीच्या बाकासाठी ती किती, हे त्यांच्याच तोंडून ऐका. हिमोग्लोबिन किमान दीड महिना आधी तपासा. आपल्याकडच्या मुलींत ते कमी निघतं आणि लोह भरून यायला वेळ लागतो.

खर्चाचा आकडा एकगठ्ठा न घेता फोड करून मागा: इम्प्लांट (स्क्रू आणि सळ्या), मॉनिटरिंग, आयसीयू, रक्त. गुजरातमध्ये पीएमजेएवाय-मा (सरकारी आयुष्मान योजना) कार्डावर कुटुंबाला वर्षाला १० लाखांपर्यंत संरक्षण आहे. हे पॅकेज त्या रुग्णालयात त्या कार्डावर बसतं का, हे भरती व्हायच्या आधी रुग्णालयातल्या आरोग्य मित्राच्या (योजनेच्या मदतनिसाच्या) टेबलवर लेखी विचारून घ्या. खाजगी विम्यात जन्मजात दोषाच्या कलमावरून नकार येऊ शकतो, तेव्हा डॉक्टरांच्या पत्रात निदान स्पष्ट लिहिलेलं हवं.

घरात आणि नातेवाइकांत

“लग्नाचं काय?” हा प्रश्न मावशी-आत्यांपैकी कुणीतरी विचारणारच, तोही मुलीसमोर. उत्तर आधीच ठरवून ठेवा: या बाकाने मूल होण्यात सहसा अडचण येत नाही, आणि बाळंतपणात पाठीतून भूल देणाऱ्याला कण्याची माहिती दिली की झालं. दिवसात दहादा “सरळ उभी राहा” म्हणणं बंद करा. ती वाकडी उभी नाही, तिचा कणा तसा आहे.

शाळेत वर्गशिक्षिकेला पत्र द्या: ब्रेस घालून ती बसेल, पीटीच्या कुठल्या तासांना तो काढेल, बाथरूमला जायची मुभा. वर्गातल्या मुलींना सांगायचं की नाही, ते मुलीला ठरवू द्या.

धाकटी बहीण किंवा भाऊ असेल तर त्यांचीही पाठ बघा. हा बाक एकाच घरात आणखी कुणात दिसू शकतो. आठ-नऊ वर्षांपासून दर तीन महिन्यांनी तीच वाकून बघायची चाचणी करा, आणि तारीख व आकडा मोठीच्या फाइलमागे वेगळ्या कागदावर लिहून ठेवा.